पंधरावा टोप

"सगळ्या हायत काय?" धुक्यातून आत्यांचा आवाज आला. दबका होता, पण दरडावणी तीच.

मी छातीभर पाण्यात उभी होते. कमरेला दोरीने बांधलेला ॲल्युमिनियमचा टोप माझ्या पुढ्यात तरंगत होता. हात लांब केला की बोटं दिसत होती, बोटांच्या पुढे नुसतं पांढरं. ओळीतली एकेक बाई हळूच आपलं "हाय" सांगत गेली. मथुरा, हाय. सुलोचना, हाय. बायजा, हाय. ओळीच्या अगदी टोकाला आम्ही दोघी, मी आणि तानूकाकी.

"हाय," मी म्हणाले. "आमी दोगी हाव."

माझ्या शेजारी कुणीही नव्हतं.

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि लग्नाला आठ महिने झाले होते. माझं माहेर खाडीच्या खूप वर, जिथे नदी उन्हाळ्यात गुडघ्याएवढी होते आणि भरती-ओहोटी फक्त भूगोलाच्या पुस्तकात असते. सासरी आले तर इथल्या बायका गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून पायाच्या बोटांनी वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, चाचपतात, बुडी मारून काढतात, टोपात टाकतात आणि वर गप्पाही मारतात. मला पोहता येत नव्हतं. सासूला, म्हणजे भागीरथीबाईंना, आम्ही आत्या म्हणायचो. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "पान्याला भिनारी बायको आनलान माज्या लेकानं," हे त्यांनी अख्ख्या वाडीला ऐकवलं.

तानूकाकी ही आत्यांची थोरली जाऊ. साठीच्या पुढची, विधवा, हाडकुळी, आणि तरी सगळ्यांत जास्त तिसऱ्या आणणारी. ती मला काही बोलली नाही. पहिल्या दिवशी तिने एक दोरी घेतली, एक टोक आपल्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या, आणि म्हणाली, "तू बुडालीस तर मी बुडंन. मला तर अजून बुडायचं नाय. तवा तू पन बुडायची नायस." आठ महिने मी त्या दोरीच्या भरवशावर खाडीत उतरत होते.

त्या सकाळी ती दोरी तिने स्वतःच सोडली होती.

आता आमच्या खाडीचा रिवाज सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खाडीच्या मधोमध वाळूचा एक लांब पट्टा आहे, त्याला आम्ही दांडा म्हणतो. ओहोटी लागली की आम्ही बायका दोन होड्या घेऊन दांड्यावर उतरतो. दांड्याच्या देवळाकडच्या बाजूने खोल पाण्याची वाट जाते आणि त्या वाटेने तालुक्याच्या धक्क्याला जाणारी लाँच जाते. पौषात सकाळी धुकं असं उतरतं की शेजारची बाई दिसत नाही. म्हणून लाँचवाल्याने देवळाच्या वळणावर भोंगा द्यायचा, इंजिन मंद करायचं आणि कान द्यायचा. आम्ही पळीने टोप वाजवायचे. टोप वाजला तिथे बायका, आणि बायका तिथे उथळ पाणी, हे त्याला कळायचं. मग तो लांबून आणि हळू निघून जायचा. जोरात गेला तर लाट येते, पायाखालची वाळू सरकते आणि टोप उपडे होतात. एक नियम बायकांचाही होता: धुक्यात कुणी एकटीने उभं राहायचं नाही. सगळ्या एका ओळीत, आणि उतरायच्या आधी व मधूनमधून आत्या मोजणी करायच्या.

जुन्या लाँचवरचा म्हातारा सारंग, म्हणजे लाँच हाकणारा, तर जाता जाता विचारायचाही, "मिळतंय काय गो?" मग मालकाने मोठ्या इंजिनाची नवी लाँच आणली आणि तिच्यावर आमच्याच वाडीतल्या विश्रामला बसवलं. पंचविशीतला पोरगा. आठची एसटी गाठून द्यायची म्हणून तो भोंगा न देताच सुसाट जाऊ लागला. भरती-ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते, लाँचची वेळ काही सरकत नाही. म्हणून पंधरवड्यातले चार-पाच दिवसच आमची आणि त्याची गाठ पडायची. पण त्या चार-पाच दिवसांत त्याने आम्हाला रडवलं. एकदा अकरा टोप उपडे झाले. मथुरेच्या नाकातोंडात पाणी जाऊन ती काळीनिळी पडली. आत्या त्याला धक्क्यावर गाठून जाब विचारायला गेल्या, तर चार प्रवाशांच्या देखत म्हणाला, "खाडी काय तुमच्या बापाची हाय?"

आत्यांना असं कुणी बोललेलं वाडीला माहीत नव्हतं. त्यांनी संध्याकाळी सगळ्यांना आमच्या खळ्यात बोलावलं.

"त्याच्यासाटी उद्यापास्नं कुनी टोप वाजवायचा नाय," त्या म्हणाल्या. "लाँच दांड्यावर चढूं दे. बस म्हनावं भरती येईस्तवर वाळूत. पासिंजरच घालतील त्याला शिव्या."

बायका खो खो हसल्या. वाळूत रुतलेल्या लाँचवर विश्राम कसा बसेल याची बायजाने नक्कल करून दाखवली. मीही पोट धरून हसले. खोटं कशाला सांगू, मला ती युक्ती फार आवडली होती.

एकटी तानूकाकी हसली नाही. "लाँचमंदी मानसं असतात गो, भागी," ती म्हणाली.

"पान्यात बी मानसंच असतात," आत्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

ठरलं असं, की आपण लवकर उतरायचं आणि नेहमीची जागा सोडून दांड्याच्या पलीकडच्या अंगाला उभं राहायचं. लाँच यायच्या वेळेला तिथलं पाणी उतरून मांडीएवढं होईल. म्हणजे लाँच आमच्यापर्यंत पोचायच्या आतच रुतेल, आणि आम्ही उभ्या राहून गंमत बघू. हिशोब अगदी चोख होता. त्यात एकच गोष्ट धरली होती, ती म्हणजे लाँच रोजच्या वेळेला येईल.

त्या सकाळी आम्ही उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पाणी थंडगार होतं आणि धुकं इतकं दाट की खुंटाला बांधलेल्या आमच्या होड्या दहा पावलांवरून दिसेनाशा झाल्या. थोड्या वेळाने तानूकाकीने माझ्या कमरेपाशी हात घातला आणि गाठ सोडली.

"काकी, काय करताव?"

"मी जरा कडेला जाते. लाँचच्या वाटंकडं. तिकडं मोट्या मिळतात."

"एकटी?"

"हळू बोल. तुला आता जमतंय, दोरी कशाला पायजे? हितंच ऱ्हा, पाय रोवून. भागीनं इचारलं तर हाय म्हन."

"आत्या मारतील मला."

"माज्यासाटी येवडं कर गो बाय," ती म्हणाली, आणि पाणी हलू न देता धुक्यात गेली. तिच्या टोपात एकही तिसरी नव्हती. आम्हाला उतरून अर्धा तास झाला होता आणि वाडीतली सगळ्यांत तरबेज बाई रिकामा टोप घेऊन चालली होती. हे माझ्या डोळ्यांना दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही.

म्हणून आत्यांनी विचारलं तेव्हा मी दोघींचं "हाय" सांगितलं.

आणि त्यानंतर लगेच, म्हणजे माझा आवाज विरतो न विरतो तोच, देवळाच्या वळणावर भोंगा वाजला.

"आत्ता?" सुलोचना कुजबुजली. "अजून येल हाय ना?"

मी खाली बघितलं. पाणी अजून छातीशी होतं. मांडीएवढं व्हायला आणखी तासभर तरी हवा होता. एवढ्या पाण्यात लाँच दांड्यावर रुतणार नव्हती. ती दांड्यावरून सरळ आरपार जाऊ शकत होती, आणि दांड्यावर आम्ही उभ्या होतो. माझ्यासारख्या वरच्या गावच्या मुलीला हे कळलं, तर बाकीच्यांना कळलंच असणार.

"भागीवयनी, पानी लई हाय," मथुरा म्हणाली. "तो हितनं बी येईल."

"तो वाटंनंच जानार. गप ऱ्हावा."

मग जे झालं त्याची कुणालाच अपेक्षा नव्हती. इंजिनाचा आवाज बारीक झाला. अगदी बारीक, जुना सारंग करायचा तसा. लाँच तिकडे कुठेतरी थांबून राहिली.

"आयकतोय तो," मथुरा म्हणाली. तिचे दात वाजत होते.

हेच तर आम्ही त्याच्याकडे मागितलं होतं. भोंगा दे, इंजिन मंद कर, कान दे. त्याने आज तिन्ही गोष्टी केल्या होत्या आणि आम्ही चौदा बायका पळ्या हातात धरून पाण्यात गप्प उभ्या होतो. मला वाटलं, आता आत्या टोप वाजवतील. निदान हळू तरी.

"येवडे दिस कुटं गेलते त्याचे कान?" आत्या म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज आता पहिल्यासारखा नव्हता.

भोंगा पुन्हा वाजला. मी पळी उचलली आणि खाली घेतली. सून होते मी. शिवाय पहिली कोण वाजवणार, हा प्रश्न होताच. प्रत्येकीने आदल्या संध्याकाळी हसून हो म्हटलं होतं.

तेवढ्यात लांब डावीकडे टोप वाजला.

ठण, ठण, ठण. मग थोडं थांबून, ठण.

आमच्यात टोप वाजवायची तशी ठरलेली पद्धत नव्हती, पण प्रत्येकीचा हात वेगळा. तीन आणि एक, हा तानूकाकीचा हात. आठ महिने तो माझ्या कानाशी वाजला होता.

"कोन ती?" आत्या फिस्कारल्या. "शेवंते, तानू तुज्यापाशी हाय ना?"

मी बोलले नाही.

"शेवंते!"

आत्यांचं भय होतंच, पण आता त्याच्याहून मोठं भय होतं. मला विश्रामच्या डोक्यात काय चाललं असेल ते दिसत होतं. टोप वाजला म्हणजे बायका तिथे. बायका धुक्यात कधी एकटीने उभ्या राहत नाहीत, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या तिथे. दुसरीकडे टोप वाजत नाही, म्हणजे दुसरीकडे कुणी नाही. आज पाणी भरपूर आहे, मग त्या बायकांना त्रास कशाला द्यायचा? त्यांच्यापासून लांब वळावं आणि दांड्यावरून पलीकडच्या अंगाने निघून जावं. शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

इंजिनाचा आवाज वाढला आणि आमच्याकडे वळला.

खाडीत उभं असलं की इंजिन आधी पोटात ऐकू येतं, मग कानाला. माझ्या पोटात ते घरघरू लागलं. तिकडे तानूकाकीचा टोप जोराजोरात वाजायला लागला, तीन आणि एक, तीन आणि एक. तिला तो वळलेला कळला होता आणि आम्ही कुठे आहोत हेही तिला ठाऊक होतं. मग एक ठोका अर्धाच वाजला आणि तो टोप बंद पडला.

तेव्हा मी वाजवला. पळी कधीच हातातून सुटली होती. मुठीत एक तिसरी होती, तिनेच मी टोपावर मारत सुटले. आवाज पुरेना म्हणून टोप उपडा केला, सकाळची सगळी मेहनत पाण्यात गेली, आणि त्याच्या बुडावर मारायला लागले. "हितं हाव! हितं हाव!" असं मी ओरडत होते म्हणे. मला आठवत नाही. मला माझ्यामागून लागोपाठ वाजलेले टोप आठवतात, आणि त्यात सगळ्यांत मोठा आत्यांचा.

लाँचची नाळ, म्हणजे पुढचं टोक, धुक्यातून बाहेर आली तेव्हा ती माझ्यापासून एका वल्ह्याच्या अंतरावर होती. विश्रामने इंजिन बंद केलं होतं, पण लाँच आपल्या वेगाने येतच होती. मी डोळे मिटले. कुणीतरी मला बखोटीला धरून मागे खेचलं आणि माझ्या पुढे उभं राहिलं. उघडून बघते तर आत्यांनी दोन्ही तळवे नाळेला लावले होते. मग मथुरेने लावले, बायजाने लावले, सगळ्यांनी लावले. वाळूत पाय घासत आम्ही सात-आठ हात मागे गेलो आणि लाँच उभी राहिली.

वरून विश्राम वाकून बघत होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"तुमी हितं?" तो म्हणाला. "मग तिकडं कोन वाजवीत व्हतं?"

सगळ्यांनी तिकडे कान दिले. तिकडे काहीच वाजत नव्हतं.

"तानूकाकी," मी म्हणाले.

लाँचमध्ये सात-आठ माणसं होती. एक गुरुजी होते, एक बाई कोंबड्यांची डाल घेऊन बसली होती. तिने पटकन कोंबड्यांवर फडकं टाकलं. विश्राम इंजिनाच्या हँडलकडे गेला आणि परत फिरला. "चालू नाय करत. ती खाली कुटं असली तर पंख्यात यायची," असं म्हणून तो चपला काढून सरळ पाण्यात उतरला. त्याने लाँचचा नांगर टाकला, बायकांनी होडी आणली. होडीत आत्या चढल्या, विश्रामने वल्हं घेतलं आणि मला कुणी बोलावलेलं नसताना मीही चढले. आत्यांनी मला उतर म्हटलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

ओहोटी आता जोरात लागली होती. पाणी समुद्राकडे ओढत होतं. तानूकाकी उभी होती त्या कडेला दांडा एकदम संपतो आणि दोन पुरुष खोल पाणी लागतं. विश्राम तिच्यासमोरूनच जोर देऊन वळला होता. ती लाट तिला कुठे घेऊन गेली असेल, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"लौकर कशापायी आलास तू?" आत्यांनी विचारलं. त्या पुढे बसून दोन्हीकडचं पाणी बघत होत्या.

"तानूकाकीच आली व्हती काल दुपारी घरी," विश्राम वल्हं मारता मारता म्हणाला. त्याला धाप लागली होती. "म्हनाली, तू मथुरंला मारलीच असतीस. बायकांचं काय चुकलं सांग, म्हनाली. मला बोलायला तोंड नव्हतं. म्हनाली, ते चार-पाच दिस तासभर आदी जात जा, पानी असंल, बायका उतरायच्या आत तू निगून जाशील. आजपास्नं लौकर सोडली. कुनाला तरास नको म्हनून सोडली, वयनी."

तानूकाकीला हे कुणाला सांगता आलं नसणार. सांगितलं असतं तर फितूर ठरली असती. आणि आम्ही आजच लवकर उतरणार हे तिला आदल्या संध्याकाळी, आमच्या खळ्यात कळलं, सगळ्या हसत होत्या तेव्हा. रात्री पुन्हा विश्रामच्या दारी गेली असती तर कुणीतरी बघितलं असतं. मग तिने एकटीने जाऊन टोप वाजवायचं ठरवलं. लाँच वाटेवर राहावी एवढीच तिची खटपट होती. आपल्या एकटीच्या टोपाने ती आमच्या अंगावर येईल, हे तिच्या मनातही आलं नसेल. खाडीत एकच टोप कधी वाजलाच नव्हता.

तिचा टोप आम्हाला सापडला. दोरी तुटलेली, उपडा तरंगत होता. मी तो उचलला आणि मला रडू फुटलं.

"रडू नको. आयकू येत नाय," आत्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातून टोप घेतला, मांडीवर धरला आणि वाजवला. तीन आणि एक. थांबल्या. विश्रामने वल्हं पाण्याबाहेर काढून धरलं. वल्ह्यावरून गळणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

पुन्हा तीन आणि एक. पुन्हा थांबल्या.

किती वेळा वाजवला ते मी मोजलं नाही. आम्ही खाली खाली वाहत चाललो होतो. मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही, पण प्रत्येक वेळी सुरुवात "मी खोटं बोलले" अशीच होत होती. कधीतरी आत्यांचा हात थांबला आणि त्यांनी मान वाकडी केली.

टक, टक, टक. आणि मग, बऱ्याच वेळाने, टक.

मच्छीमार जाळी लावायला बांबूचे खुंट रोवून ठेवतात, त्यातल्या एका खुंटाला तानूकाकी मिठी मारून लटकली होती. एका हातात शिंपला होता, तो ती बांबूवर आपटत होती. आम्ही होडी लावली तरी ती खुंट सोडेना. विश्रामला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. होडीत घेतली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि ती थडथडत होती. आत्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि आपल्या ओल्या पदरानेच तिचं डोकं पुसायला लागल्या.

"सगळ्या हायत?" तानूकाकीने विचारलं.

"हायत," आत्या म्हणाल्या. "तुजीच काय ती कमी व्हती."

"विश्रामा, भोंगा दिलास. बरं केलंस."

विश्राम वल्ह्यावर डोकं टेकून रडायला लागला. आत्यांनी त्याला रडू दिलं. मग त्या वाकून तानूकाकीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "कुनाला सांगून गेलीस?"

तानूकाकीने माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर. "कुनाला नाय," ती म्हणाली.

मग आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "आमी दोगी हाव" हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मी आता पदर तोंडात कोंबून बसले होते. त्यांनी टोप पुन्हा हातात घेतला आणि वाजवायला लागल्या, बायकांना कळावं म्हणून. बायकांचे टोप तिकडून उत्तर द्यायला लागले. होडी परत वळली, ऊन वर आलं, धुकं फाटलं. लाँच दिसली, लाँचला धरून उभ्या असलेल्या बायका दिसल्या, पलीकडची वाडी आणि देऊळसुद्धा लख्ख दिसलं. तरी आत्या टोप वाजवतच होत्या. होडी दांड्याला लागली तेव्हाच त्यांचा हात थांबला.

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत लांब दिवस. आत्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी पायावर पडून मोकळी झाले असते. त्या भाकरी वाढायच्या, तानूकाकीला काढा करून द्यायच्या, आणि मी समोर आले की मान फिरवायच्या. आज नाही तर उद्या मला माहेरी पाठवणार, असं मी धरूनच चालले होते. मी पेटीत माझी दोन लुगडी घडी घालून ठेवलीही होती. तानूकाकी तापाने फणफणली होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "काकी, मी सांगून टाकू काय?" तर ती म्हणाली, "काय सांगशील? तिला म्हाईत नाय असं वाटतंय तुला?"

त्यानंतर आजपर्यंत खूप बदललं. विश्राम पन्नाशीच्या पुढे गेला, पण देवळाच्या वळणावर इंजिन मंद करायचं कधी विसरला नाही, आणि त्याच्या हाताखाली शिकलेले पोरगेही विसरत नाहीत. आता खाडीत सहलीच्या वेगवान बोटी येतात, त्यांना मी धक्क्यावर उभी राहून हे सगळं समजावते आणि ते मोबाइलवर माझा फोटो काढतात. तानूकाकी त्या तापातून उठली आणि पुढे बारा वर्षं तिसऱ्या काढत राहिली. आत्याही गेल्या. उतरायच्या आधीची मोजणी मात्र गेली एकतीस वर्षं मीच करते. एकीने दुसरीच्या नावाचं "हाय" म्हटलं की मी होडी माघारी वळवते, मग कुणी कितीही चिडो. नवीन सुनांना वाटतं म्हातारीला वेड लागलंय.

मला ती मोजणी मिळाली तिसऱ्या दिवशी. पहाटे आत्यांनी मला हाक मारली, "टोप घे." दोन दिवसांतला तो पहिला शब्द. पुन्हा धुकं होतं. होड्या दांड्याला लागल्या आणि बायका वाट बघत बसल्या, कारण आत्यांनी विचारल्याशिवाय कुणी पाण्यात पाय घालायचं नाही. आत्यांनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "आजपास्नं शेवंती मोजंल."

मी नावं घ्यायला लागले. मथुरा, हाय. सुलोचना, हाय. बायजा, हाय. एकेक करत मी चौदावर आले आणि सवयीने पुढचं नाव माझ्या तोंडात आलं.

"तानूकाकी," मी म्हणाले, आणि थांबले.

ती घरी तापात पडली होती, हे होडीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. तरी सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आत्याही बघत होत्या, दोन दिवसांनी पहिल्यांदाच, सरळ माझ्या डोळ्यांत. मला वाटलं, माझ्याने हे व्हायचं नाही.

"तानूकाकी नाय," मी म्हणाले.

आत्यांनी मान हलवली. "नाय तर नाय म्हनायचं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक दोरी काढली, एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या, आणि पाण्यात उतरल्या.